डावी बाजू दाटते

दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, साहेबलोक लिहितात, निवृत्त मुख्याध्यापक तर लिहिल्याशिवाय राहतच नाहीत. ब्लाउज शिवणारी बाई लिहिताना मी तरी अजून पाहिली नाही. कारण सोपं आहे. दिवाळीच्या आधी सगळं जग लिहीत बसतं, तेव्हा आम्ही मशीनवर मान मोडून बसलेल्या असतो. आणि दिवाळी झाली की हात उचलत नाही. यंदा सुनेनं दुकान हातात घेतलं आणि "आई, तुम्ही आता नुसत्या बसा" असं मला प्रेमानं सांगितलं. नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हणून हे.

नेवाशात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. दुकान म्हणजे दोन मशिनी, कटिंगचं एक टेबल, एक उभा आरसा आणि आरशापुढं पडदा. पुरुषांनी उंबऱ्याच्या बाहेर थांबायचं, हा नियम माझ्या नवऱ्यालासुद्धा होता. बिचारा डबा घेऊन यायचा आणि बाहेरूनच हाक मारायचा.

लोकांना वाटतं, ब्लाउज शिवणं म्हणजे काय मोठंसं! शर्ट सैल झाला तर चालतो, पायजमा तर सैलच बरा. ब्लाउज मात्र बोटभर चुकला की बाई दिवसभर धुसफुसते, आणि घरच्यांना कळत नाही की आज कालवणात मीठ दोनदा का पडलं. बाही जिथं खांद्याला जोडतात त्या गोलाला आम्ही मुंढा म्हणतो. मुंढा चुकला की हात वर जात नाही. त्यामुळे कापडाला कात्री लावायच्या आधी मी विचारते, बाई, तू करतेस काय? कांदे काढणारीला पाठ रुंद लागते, दिवसभर वाकायचं असतं. ऊसतोडीला जाणारीची उजवी बाही सैल ठेवावी लागते, कोयत्यानं दंड भरलेला असतो. शाळेतल्या बाईंना फळ्यावर वरपर्यंत लिहिता आलं पाहिजे. आणि जिला काहीच करायचं नसतं, ती सगळ्यात जास्त कटकट करते.

अंग बोलतं, हे मला या धंद्यानं शिकवलं. सून गरोदर आहे हे कित्येकदा सासूच्या आधी मला कळलंय. कुणाचा एक खांदा उतरलाय, कुणी जेवण टाकलंय, कुणाच्या दंडावर काळेनिळे वळ आहेत, सगळं पडद्यामागं दिसतं. पण बोलायचं नाही. शिंपीण तोंडात टाचण्या धरते ना, ते फार सोयीचं असतं. तोंड आपोआप बंद राहतं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरायचा नाही. एक नवी नवरी मोबाईलवर फोटो घेऊन आली, पाठीला नुसती एक दोरी. बरोबर सासू. सासूनं फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि शांतपणे मला विचारलं, "आन् उरलेल्या कापडाचं काय करायचं?" एकदा एकीचा नवरा ब्लाउज न्यायला आला. उंबऱ्याबाहेर उभं राहून, चार बायकांसमोर ब्लाउज उलगडून धरला आणि म्हणतो, "ह्यो आमच्या हिचा न्हाई. आमची ही येवढी न्हाई." तो तिचाच होता. पुढं घरी काय रामायण झालं असेल ते असो. त्यानंतर ती नेहमी स्वतः यायला लागली.

त्या गृहस्थाची चूक काय, तर त्यानं आमच्या धंद्याचा कायदा मोडला. कायदा असा: बाईचं माप वाढलं हे बोलून दाखवायचं नाही. म्हणून नव्या गिऱ्हाइकाचं माप टेपनं घ्यायचं, जुन्या गिऱ्हाइकाचं कधीच नाही. जुन्या बाईच्या अंगाला टेप लावणं म्हणजे "सुटलीस गं तू" असं तोंडावर म्हणणं. ती नव्या कापडाबरोबर पिशवीत एक जुना ब्लाउज घालून पाठवते, त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. त्यावरून कापायचं. तो असतो तिच्या चांगल्या दिवसांतला. मी तो टेबलावर पसरते, बाईकडं एकदा बघते, आणि काही न बोलता कात्री जरा लांबून फिरवते. ती घालून पाहते आणि मिरवत म्हणते, "बगा, अजून त्येच माप बसतं!" मी म्हणते, "तर काय!" या एवढ्याशा खोटेपणावर अख्खी बाजारपेठ चालली आहे.

आता सुमनबद्दल. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "नाव बदला, गावाचं नाव टाकू नका, पन भांडन हाय तसं लिवा." तर नाव बदललंय.

सुमन जवळच्याच एका गावची सरपंच. पन्नाशीच्या अलीकडची, आवाज असा की ग्रामपंचायतीनं माइक घेतला तो पैसा वाया गेला म्हणावं. इतर गावांत सरपंच बाई असते आणि खुर्चीवर तिचा नवरा बसतो. इथं तिचा नवरा, त्याला सगळे आबा म्हणतात, बाहेर मोटरसायकल लावून तंबाखू मळत बसायचा आणि आत ही ग्रामसेवकाला फैलावर घ्यायची. गटार, संडास, कचरा, यावर ती भर सभेत तासभर बोलेल. तिच्याच पुढाकारानं गावात बायकांच्या आरोग्याचं शिबिर झालं होतं. तेव्हापासून ती मला भेटेल तेव्हा सांगायची, "मंदाताई, आंघुळीच्या टायमाला चाचपून बगायचं. गाठ लागली तर दवाखाना. गाठ न्हाई तर काय न्हाई." माझ्यासारख्या म्हातारीला ती अशा थाटात शिकवायची की वाटावं, शोध हिनंच लावला.

ती माझी लग्नापासूनची गिऱ्हाईक. आणि आमचं पटायचं म्हणजे विळ्याभोपळ्यासारखं. तिला माझ्या हातचाच ब्लाउज लागायचा, आणि माझ्या हातच्या प्रत्येक ब्लाउजला ती नावं ठेवायची. गळा मोठा झाला, गळा लहान झाला, हूक उलटे लावले. मीही ऐकून घेणारी नाही. आमचं भांडण लागलं की समोरच्या भेळवाल्याकडं गर्दी वाढायची.

हे झालं त्या साली थंडी सरता सरता तिनं दोन ब्लाउज शिवायला टाकले. शिवून दिले. काही दिवसांतच परत आले. आबांनी उंबऱ्यातून पिशवी आत दिली आणि निरोप सांगितला, "डावी बाजू दाटती म्हनं."

मी उसवलं, थोडं सोडलं, पाठवून दिलं. होळीच्या आसपास परत तीच पिशवी, तोच निरोप. पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी स्वतः सरपंचबाई आल्या. सोबत नवं कापड, मोरपंखी. गावात पाण्याची टाकी मंजूर करून आणायला तिनं जिल्हा परिषदेचे उंबरे झिजवले होते, त्या टाकीचं उद्घाटन ठरलं होतं, आणि त्यासाठी पैठणी निघणार होती.

"मंदाताई," ती उंबऱ्यातूनच सुरू झाली, "आता डोळं तपासून घ्या. एक बाजू दाट, एक बाजू बरुबर. आसं कोन शिवतं? टाकीच्या टायमाला मंत्र्याम्होरं मला आसं आवळून बसायचं का?"

मला म्हणा काय वाटेल ते, माझ्या कात्रीला बोललेलं मला खपत नाही. मी मापाचा ब्लाउज टेबलावर पसरला, त्यावर माझा शिवलेला ठेवला. कुठंच कमी भरला नाही. उलट डावी बाजू सोडून सोडून मोठीच झाली होती. दुकानात बसलेल्या दोघी-तिघींना बोलावून दाखवलं. "बघा गं बायांनो, कुठं चुकलाय?"

"कापड बरुबर आसंल," सुमन म्हणाली, "मंग दाटतंय ते काय मी खोटं बोलती?"

"ब्लाउज खोटं बोलत नाही, तूही बोलत नाहीस. मग चल आत, टेप लावते."

टेपचं नाव काढल्यावर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. हा अपमान होता, आणि मी तो मुद्दाम केला होता. पण ती सरपंच. मागं हटणार कशी? पदर खोचून तरातरा पडद्यामागं गेली.

मी टेप पाठीमागून पुढं आणला आणि माझा हात थांबला. डाव्या बाजूला कापडावरून ऊब लागत होती. तापलेल्या पोराच्या कपाळाला लागते तशी. "सुमन, हे काय गं?" म्हटलं. "काय न्हाई, घामोळं," ती म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. या बाईचा खाली आलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी हूक काढायला लावले.

डावीकडचा स्तन उजवीकडच्यापेक्षा स्पष्ट मोठा, जड, आणि निम्म्याहून जास्त लालसर. कातडी जाड झालेली आणि तिच्यावर बारीक बारीक खळगे, अगदी मोसंबीची साल. आमच्या भागात मोसंबीच्या बागा आहेत, ती साल आम्ही रोज बघतो. बोंडही आत ओढल्यासारखं झालं होतं.

"किती दिवस झाले?"

"थंडीत न्हवतं. आधी वाटलं कायतरी चावलं. मंग मेडिकलमधून मलम आनलं. उष्नता आसंल म्हनून गुलकंद खातीय."

"आणि दवाखाना?"

"कशापायी? गाठ न्हाई! म्या रोज चाचपून बगती. शिबिरात सांगितलं तसं बगती. गाठ न्हाई म्हंजे त्ये न्हाई."

गटारावर तासभर बोलणारी बाई "ते" म्हणत होती. मला तरी कुठं काय कळत होतं? मलाही वाटलं, गळू असेल, पू झाला असेल. मला एवढंच कळत होतं की माणूस सुटतं तेव्हा दोन्हीकडून सुटतं, आणि इतक्या लवकर सुटत नाही. आयुष्यभर अंगं मोजली, हे असं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं माझा हात धरला. "कुनाला सांगनार न्हाई म्हना. आबांना बी न्हाई. आईची आन."

मी आण घेतली, पण एका अटीवर: आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडं चलायचं. दुकान सुनेवर टाकलं. आमच्या पेठेतल्या डॉक्टरीणबाई मोठ्या शांत स्वभावाच्या. त्यांनी नीट तपासलं, काखेत बघितलं, ताप बघितला, आणि विचारलं, "अंगावर दूध पाजताय का?" सुमन म्हणाली, "माझं धाकटं मिशीला तेल लावतंय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दूध पाजणाऱ्या बायकांना संसर्ग होतो, तेव्हा असं लाल होतं, सुजतं. तुम्हाला तसं काही कारण दिसत नाही. मी गोळ्या देते. संसर्ग असेल तर आठवड्यात उतरेल. पूर्ण उतरलं नाही, तर थांबायचं नाही. पुढची तपासणी लगेच करायची. लाली थोडी कमी झाली म्हणून घरी बसू नका." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, आणि ते माझ्याकडं बघून सांगितलं.

आणि झालंही तेच. लाली थोडी कमी झाली. सुमनचा फोन आला, आवाज पहिल्यासारखा, मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्हनलं न्हवतं? उतरलं! तुमी उगा घाबरं केलं. मोरपंखी कवा देताय?"

"सगळं उतरलं का?"

"उतरतंय."

"मोसंबी गेली का?"

तर म्हणाली, "टाकीचं हून जाऊ द्या. मंग बगू."

ही "मंग बगू" म्हणजे आमच्या बायकांचा आजारापेक्षा वाईट आजार. कांदा निघू दे मंग बगू. पोरीचं उरकू दे मंग बगू. सरपंच झाली म्हणून काय, हाड आमचंच. मी ओरडले, समजावलं, शेवटी रडलेसुद्धा. तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी उचललाच नाही.

मी आण घेतलेली. घरात सांगता येईना, गप्प बसवेना. जेवण जाईना. सून म्हणाली, "आई, बीपी वाढलं का?" माझ्या हातात होतं काय? एक मोरपंखी ब्लाउज. तो शिवून तयार होता. नुसते हूक लावायचे राहिले होते. आणि मग माझ्या डोक्यात आलं, की अगं बये, हेच तर आहे तुझ्या हातात!

मी निरोप धाडला: ब्लाउज तयार आहे. पण डॉक्टरीणबाईंकडं परत जाऊन आल्याशिवाय मी हूक लावणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावात दुसरा टेलर नव्हता का? होते की. पण पैठणीच्या कापडाचा ब्लाउज अर्ध्यावरून उचलून दुसऱ्याकडं द्यायचा, हे आमच्या पेठेत कुणी घेत नाही. एकीनं कापलेलं दुसरी शिवत नाही, हाही आमचा कायदाच. सुमनला तो ठाऊक होता. तिनं फोनवर मला जे जे म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. माझं लायसन रद्द करायची धमकी दिली. मी म्हटलं, "लायसन कधी काढलंच नाही, रद्द काय करतेस!"

तिसऱ्या दिवशी आबा आले. यावेळी मोटरसायकल लावून थेट उंबऱ्याला टेकून उभे राहिले. मी दारात गेले. म्हटलं, "आबा, ब्लाउज मिळायचा नाही. तिलाच पाठवा."

आबांनी तंबाखूची पुडी काढली, परत खिशात घातली. कमी बोलणारा माणूस. खाली बघत म्हणाले, "ब्लाउजसाठी न्हाई आलो. डाव्या कुशीवर झोपंना झालीय ती. म्या इचारलं तर म्हनती, गादी टोचती. गादी बदलली. मंदाताई, तुमाला काय तरी ठाव हाय."

माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या. आण मात्र होती. मी म्हटलं, "आबा, मी काही सांगायची नाही, मला आण घातलीय. पण तुम्ही तिला उद्या मोटरसायकलवर बसवा, आणि ती म्हणेल तिकडं न नेता डॉक्टरीणबाईंच्या दारात नेऊन उतरवा. मी तिथं बसलेली असेन. ती शिव्या देईल. देऊ द्या."

"शिव्यांचं काय न्हाई," आबा म्हणाले, "सवय हाय."

दुसऱ्या दिवशी ती उतरली आणि तिनं आम्हा दोघांना भर रस्त्यात जे झोडपलं! आबा हँडल धरून गप उभे. मी मोरपंखी ब्लाउज पिशवीतून काढून तिला दाखवला आणि सुईदोरा पण दाखवला. "आत जा. बाहेर येईपर्यंत हूक लावून ठेवते." रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. सरपंचबाईला तमाशा परवडणारा नव्हता. गेली आत.

मग नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला जुनी सवय आहे. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, तिथल्या डॉक्टरांनी मॅमोग्राफीचे फोटो काढले, सोनोग्राफी केली, आणि कातडीचा आणि आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा मी, सुमन आणि आबा तिघं बाकावर बसलो होतो. डॉक्टर तरुण होते, पण घाई न करता बोलले. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते.

हा स्तनाचा कॅन्सरच, पण क्वचित आढळणारी जात. दाहक म्हणतात याला. यात बहुतेकदा हाताला गाठ लागतच नाही. पेशी कातडीतल्या पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटा अडवून धरतात. पाणी तुंबतं, म्हणून सूज, म्हणून लाली, ऊब, जडपणा, म्हणून ती मोसंबीची साल. दिसायला संसर्गासारखं, म्हणून फसवतं. आणि हा वाट बघत नाही. काही आठवड्यांत रूप बदलतो. "गाठ नाही म्हणून तुम्ही निश्चिंत होतात, त्यात तुमची चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठ बघायची ती बघायचीच. पण एका बाजूचा आकार, रंग, कातडी, बोंड, यात काहीही नवं दिसलं आणि गोळ्यांनी गेलं नाही, तर दाखवायचं. एवढंच."

सुमननं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टाकीचं उद्घाटन बावीस तारखेला हाय. तवर जगती का?"

डॉक्टर म्हणाले, "टाकी गळायला लागेपर्यंत जगायच्या तयारीनं उपचार करू."

"म्हंजे येका पावसाळ्यात गेले म्हना की," सुमन म्हणाली. "ठेकेदार मला ठाव हाय." आणि मग ती पदर तोंडाला लावून इतकी रडली, इतकी रडली, की आबांनी माझ्यासमोर, डॉक्टरांसमोर तिला जवळ घेतलं. आमच्याकडं असं करत नाहीत. मी भिंतीकडं तोंड करून बसले आणि मीही रडून घेतलं.

यात आधी औषध, म्हणजे किमो, मग ऑपरेशन आणि मग शेक, म्हणजे रेडिएशन, असा क्रम असतो. पहिली किमो उद्घाटनाच्या आधीच झाली. मोरपंखी ब्लाउज मी पुन्हा उसवला, डावीकडची चुणी काढून टाकली, आत मऊ सुती अस्तर लावलं, की कुठं दाबायला नको. ती मंचावर बसली, बोलली, नळाखाली हात धरला. कुणाला काही कळलं नाही. पुढं केस गेले तेव्हा कळलंच. तेव्हा ती म्हणायची, "न्हाव्याचा खर्च वाचला, आबांना सांगा."

किमोनं ती पार सुकली. ज्या अंगासाठी माझी कात्री लांबून फिरायची, त्या अंगावर ब्लाउज बांबूवर टांगल्यासारखा दिसायचा. काही दिवस फोन नुसता वाजायचा आणि ती बोलायची नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. मी आपली इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायची, कोण कुणाशी भांडलं, कुणाचा गळा किती खोल शिवला. एकदा वीसेक मिनिटं बोलल्यावर ती म्हणाली, "झालं? लई बोलता बया तुमी." मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

ऑपरेशनमध्ये डावी बाजू काढली. जखम भरल्यावर ती पडद्यामागं आली, आणि यावेळी मी टेप हातात घेतला तर तिनंच हात वर केले. त्या बाजूला काय करायचं हा माझ्या धंद्याचा प्रश्न होता, आणि तो मला कुणी शिकवलेला नव्हता. आधी अस्तरात खिसा करून कापूस भरला. कापूस हलका, ती वाकली की वर सरकायचा. वजन पाहिजे म्हणून थोडी मोहरी भरली. सुमननं हातानं तोलून बघितलं आणि म्हणाली, "पावसात भिजले तर उगवायचं की हो!" पडद्यामागं आम्ही दोघी अशा हसलो की सुनेनं पडदा बाजूला करून बघितलं.

तेव्हापासून माझ्या दुकानाची तऱ्हा बदलली. बायका येतात, बसतात, कापड काढत नाहीत. "कापड कुठंय?" विचारलं तर म्हणतात, "कापड न्हाई आनलं. सरपंचबाई म्हनल्या, एक बाजू येगळी वाटली तर मंदाताईंस्नी दाखव." आता मी काय डॉक्टर आहे? मी सुमनला फोन करून झापलं. ती म्हणाली, "डाक्टरकडं जायला बायका लाजत्यात. तुमच्याकडं यायला न्हाई लाजत. तुमी फकस्त त्यांचा हात धरून डाक्टरीणबाईकडं न्यायचं. काम काय हाय दुसरं?" बहुतेकींचं काही नसतं. कुणाला घामोळं, कुणाची ब्रा दाटते, एकीचा तर मुंढाच मी लहान शिवला होता. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "मंदाताई, तुमच्यामुळं मला बसायला वेळ नाही." मी म्हटलं, "मग ब्लाउज शिवायला टाका, दोघींचा हिशेब फिटेल."

एक खंत मात्र आहे. आता बाजारात ताणणारे तयार ब्लाउज आलेत, रबरासारखे. बारीक, जाड, सगळ्या बायका एकाच मापात. सून म्हणते तेच ठेवू, शिलाईची कटकट नाही. खरं आहे. भांडण नाही, उसवणं नाही. पण तो ब्लाउज अंगाबरोबर ताणला जातो आणि बाईला काही सांगत नाही. दाटलं तरच ती येणार ना माझ्याशी भांडायला? मी सुनेला म्हटलं, ठेव बाई, धंदा आहे. पण विकताना प्रत्येकीला सांग, की आरशासमोर एकदा उघडी उभी राहत जा आणि स्वतःकडं नीट बघत जा. सून आधी लाजायची. आता सांगते, माझ्यापेक्षा मोठ्यांदा सांगते.

सुमन अजून दर काही महिन्यांनी नगरला तपासणीला जाते. जायच्या आधीचे दोन दिवस ती कुणाशी बोलत नाही, आणि मीही मशीनवर बसत नाही, टीप वाकडी जाते. डॉक्टर छातीठोक काही सांगत नाहीत. हा आजार उलटून परत येणारा आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंय. इतके दिवस तिनं नवा ब्लाउज शिवायला टाकलाच नव्हता. होते तेच घालायची. मी विचारलं की म्हणायची, "हायेत की चार. फाटूस्तवर कोन बगितलंय?"

गेल्या महिन्यात तपासणीहून येताना ती परस्पर दुकानात आली. आबा बाहेर मोटरसायकलवर, पण आज तंबाखू मळता मळता गुणगुणत होते. रिपोर्ट चांगला आला होता. सुमननं पिशवीतून कापड काढलं. एक नाही, सहा. लाल, हिरवं, जांभळं, शोभणारं, न शोभणारं. टेबलावर ढीग टाकला. मी टेप घेऊन गेले, छातीचा घेर घेतला, पोटाचा घेतला. हाडं अजून हाताला लागत होती. मी आकडे मनात धरून खडू उचलला, तशी तिनं माझं मनगट पकडलं.

"ह्या मापाचं शिवू नका," ती म्हणाली. "आत कापड लई सोडा. मला अजून चांगलं जाड व्हायचंय."

मी दोन्ही शिवणींत चांगलं तीन-तीन बोटं कापड सोडलं.